बाजार थांबतो तेव्हा भाव कुठे जातो?

२० ऑक्टोबर १९८७, मंगळवार. त्या सकाळी हाँगकाँगचा शेअर बाजार उघडलाच नाही. आदल्या दिवशी तिथला हँग सेंग निर्देशांक ४२० अंकांनी, म्हणजे ११ टक्क्यांनी घसरला होता. हाँगकाँगचे दलाल घरी जाऊन झोपल्यावर न्यूयॉर्क उघडले आणि डाऊ जोन्स एका दिवसात ५०८ अंकांनी, २२.६ टक्क्यांनी कोसळला. एका दिवसातली एवढी मोठी टक्केवारी त्या बाजाराने आधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिलेली नाही. मंगळवारी पहाटे ही बातमी पोचली, तेव्हा हाँगकाँगच्या बाजाराचे अध्यक्ष रोनाल्ड ली आणि त्यांची समिती एका निर्णयाला आली: आठवड्याचे उरलेले चारही दिवस व्यवहार बंद.

कारण सांगितले गेले ते तुंबलेल्या सौद्यांचे. झालेल्या सौद्यांची देवघेव पुरी व्हायची आहे, कागदपत्रे साठली आहेत, ती निपटायला वेळ हवा. हे खोटे नव्हते, पण खरी धास्ती शेजारच्या फ्युचर्स बाजाराची, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या बाजाराची, होती. हँग सेंगचे फ्युचर्स १९८६च्या मे महिन्यात सुरू झाले होते आणि दीड वर्षात त्यांची उलाढाल बेफाम वाढली होती. तेजीचे सौदे केलेल्यांना आता रोज मार्जिनचे पैसे भरावे लागणार होते आणि अनेकांकडे ते नव्हते. एखाद्याने पैसे बुडवले तर ते भरून देण्याची हमी ज्या महामंडळाने घेतली होती, त्याचे स्वतःचे भांडवल होते दीड कोटी हाँगकाँग डॉलर. समोर उभी असलेली देणी अब्जांत मोजावी लागत होती. हमी नुसती कागदावर होती.

बाजार बंद राहिल्याने ही देणी कमी झाली नाहीत. ज्याने बँकेकडून उसने घेऊन शेअर घेतले होते, त्याला बँकेचा फोन बंदच्या काळातही येत होता. ज्याला विकून मोकळे व्हायचे होते, तो चार दिवस आणि वर शनिवार-रविवार अडकून पडला. लंडन, टोकियो, सिडनी, न्यूयॉर्क रोज उघडत होते आणि त्यांचे आकडे हाँगकाँगमध्ये दिसत होते. रविवारी सरकार आणि बँका मिळून फ्युचर्सच्या हमीसाठी २०० कोटी हाँगकाँग डॉलरचे कर्ज उभे करत असल्याचे जाहीर झाले. लगोलग आणखी तेवढ्याचीच तजवीज करावी लागली. सोमवारी, २६ ऑक्टोबरला, बाजार उघडला. हँग सेंग त्या दिवशी १,१२० अंकांनी खाली आला. ही घसरण बरोबर एक तृतीयांश होती.

त्यानंतर इयन हे डेव्हिसन यांच्या समितीने हाँगकाँगच्या बाजाराची झाडाझडती घेतली आणि त्यातून १९८९मध्ये तिथे नवी नियामक संस्था उभी राहिली. ली यांना नवीन शेअर नोंदवताना गैरलाभ घेतल्याबद्दल १९९०मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. ते प्रकरण बाजार बंद करण्याबद्दलचे नव्हते; बाजार बंद करणे गुन्हा नव्हता. पण माझ्या मते ऑक्टोबर १९८७मध्ये जगातल्या कुठल्याही बाजाराने घेतलेला तो सर्वांत महागडा निर्णय होता. तो इतका महाग का पडला हे समजून घ्यायचे, तर आधी बाजार एकमेकांना कसे बांधले गेले ते पाहावे लागते.

मुंबईला ही बांधणी शेअर बाजाराची संघटना जन्माला येण्याआधीच कळली होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. लिव्हरपूलला भाव चढला तसा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या नावावर अख्खा बाजार नाचू लागला. एप्रिल १८६५मध्ये युद्ध संपल्यावर लिव्हरपूलचा भाव उतरला. १ जुलै १८६५ हा मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता आणि त्या दिवशी पैसे मोजणारे सापडेनात. दूरच्या बंदरातला एक भाव इथल्या शेकडो घरांचे दिवाळे काढू शकतो, हा धडा मुंबईने १८७५मध्ये दलालांची संघटना स्थापन होण्याच्या दहा वर्षे आधीच घेतला होता. पुढच्याच वर्षी, १८६६मध्ये, अटलांटिकच्या तळाशी टिकाऊ तारेची केबल पडली. लंडन आणि न्यूयॉर्कचे भाव एकमेकांना कळायला जहाजाची वाट पाहावी लागेनाशी झाली आणि त्यांच्यातली तफावत आक्रसली.

एकाच वस्तूचा भाव दोन ठिकाणी वेगळा असेल, तर कोणीतरी स्वस्त जागी घेऊन महाग जागी विकतो आणि तफावत मिटते. अर्थशास्त्रात याला एक-किंमत नियम म्हणतात, बाजारात आर्बिट्राज. मात्र माल इकडून तिकडे नेण्याची वाट मोकळी असली तरच हे घडते. इन्फोसिसचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. मार्च १९९९मध्ये ती नॅसडॅकवर नोंदली गेलेली पहिली भारतीय कंपनी ठरली. तिथे विकले जात ते शेअर नव्हते. शेअर जमा ठेवून काढलेल्या पावत्या, म्हणजे एडीआर, होत्या. एडीआर मोडून इथला शेअर घेता येत होता, पण इथला शेअर देऊन पुन्हा एडीआर करता येत नव्हता. त्यामुळे अमेरिकेत मागणी वाढली की तिथला भाव मुंबईच्या पुष्कळ वर जाई आणि तिथेच राही. कंपनी तीच, नफा तोच, लाभांश तोच, तरी भाव दोन. २००२मध्ये रिझर्व्ह बँकेने उलट दिशेची वाट मर्यादेत मोकळी केली, तेव्हा कुठे हे अंतर कमी होण्याची सोय झाली.

हा झाला एकाच शेअरच्या दोन भावांचा प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न असा की ज्यांचा एकमेकांशी फारसा धंदा नाही अशा देशांचे बाजार एकाच आठवड्यात का पडतात? ऑक्टोबर १९८७बद्दल अर्थतज्ज्ञ रिचर्ड रोल यांनी २३ देशांचे बाजार तपासले. सगळेच्या सगळे पडले होते, आणि त्यांपैकी १९ बाजार २० टक्क्यांहून अधिक. यातल्या काही देशांत मंदी होती, काहींत भरभराट. काहींत संगणकावरून शेअर विकले जात, काहींत फळ्यावर खडूने भाव लिहीत. सगळ्यांना लागू पडेल असे एक कारण कोणालाच सापडले नाही.

या कोड्यावर मला सर्वांत पटणारे उत्तर मर्विन किंग आणि सुशील वाधवानी यांनी १९९०मध्ये दिले. (किंग पुढे बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर झाले.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. लंडनच्या दलालाला न्यूयॉर्कमधल्या माणसांना काय ठाऊक आहे ते कळत नाही, फक्त न्यूयॉर्कचा भाव दिसतो. भाव पडला म्हणजे तिथे कोणाला तरी काहीतरी कळले असणार, असा तर्क तो करतो आणि आपलेही शेअर विकतो. हा तर्क शहाणपणाचा आहे. पण न्यूयॉर्कमधली पडझड चुकीची असेल, कोण्या घाबरलेल्या फंडाने बेछूट विकले असेल, तर ती चूकही या शहाण्या तर्काच्या वाटेने लंडनला पोचते. बाजार जेवढे लक्षपूर्वक एकमेकांकडे पाहतात, तेवढे ते एकमेकांच्या चुका उचलतात.

पुढच्या संशोधनाने यात एक कडवट भर घातली. आपले सगळे पैसे एका देशात ठेवू नयेत, हा सल्ला ज्या ब्रुनो सोलनिक यांनी १९७४मध्ये आकड्यांनिशी मांडला, त्यांनीच फ्रान्स्वा लाँजँ यांच्यासोबत २००१मध्ये दाखवले की पडत्या काळात बाजारांची एकमेकांशी जवळीक वाढते. तेजीत बाजार आपापल्या वाटेने जातात, मंदीत एकत्र बुडतात. ज्या दिवशी छत्री लागते त्याच दिवशी ती मिळत नाही. क्रिस्टिन फोर्ब्स आणि रॉबर्टो रिगोबोन यांनी २००२मध्ये यावर एक रास्त हरकत घेतली. चढउतार मोठे झाले की जवळीक मोजणारा आकडा आपोआप फुगतो, म्हणून संकटात बाजार नव्याने जोडले जातात असे समजू नका, ते आधीपासूनच जोडलेले असतात. ही हरकत मला महत्त्वाची वाटते. कारण दोर आधीपासूनच बांधलेला असेल, तर पडझडीच्या सकाळी एका टोकाला दार लावून घेण्याचा काय उपयोग, हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

मग थांबवावेच कशाला? याचे उत्तरही १९८७नेच दिले. डाऊ कोसळला त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फोन उचलले जात नव्हते, भावाच्या पट्ट्या तासन् तास मागे पडल्या होत्या, आणि समोरच्या आकड्यावर विसंबून सौदा करणारा खरे तर जुन्या भावावर डाव लावत होता. निकोलस ब्रेडी यांच्या आयोगाने जानेवारी १९८८मध्ये सुचवले की अशा वेळी बाजाराला श्वास घ्यायला ठरावीक विराम असावा, आणि शेअर, फ्युचर्स, ऑप्शन्स या सगळ्यांना तो एकदम लागू व्हावा. त्याआधी केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल यांनी १९६८ सालचा एक विलक्षण योगायोग अभ्यासला होता. त्या वर्षी कागदपत्रांचा ढीग उपसायला न्यूयॉर्कचा बाजार अनेक बुधवारी बंद ठेवला जात होता. कंपन्या चालू होत्या, वर्तमानपत्रे निघत होती, बातम्या येत होत्या, तरी बाजार बंद असलेल्या बुधवारांभोवती भावांची हालचाल कमी भरली. म्हणजे चढउताराचा बराच भाग बाहेरच्या बातमीतून येत नाही, खुद्द खरेदी-विक्रीतून निघतो. विरामाच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ऑक्टोबर १९८८मध्ये न्यूयॉर्कने नियम केला: डाऊ २५० अंक पडला की एक तास थांबायचे, ४०० पडला की दोन तास. पुढे हे आकडे वाढवून ३५० आणि ५५० केले आणि विराम निम्म्यावर आणले. नियम प्रत्यक्षात पहिल्यांदा लागला तो २७ ऑक्टोबर १९९७ला, आणि कारण पुन्हा आशियातले होते. थायलंडपासून सुरू झालेले चलनसंकट हाँगकाँगला पोचले होते. २३ ऑक्टोबरला हँग सेंग एका दिवसात १० टक्क्यांहून अधिक पडला होता. सोमवारी दुपारी २ वाजून ३६ मिनिटांनी डाऊ ३५० अंक खाली आला आणि अर्ध्या तासाचा विराम लागला. ३ वाजून ६ मिनिटांनी व्यवहार सुरू झाले. आता ५५०ची पायरी जवळ दिसत होती. ती लागली की दिवसभरासाठी विकता येणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून ज्यांना उद्या विकायचे होते त्यांनीही आजच विकले. साडेतीनला दुसरी पायरी आली आणि बाजार बंद झाला. दुसऱ्या दिवशी तोच निर्देशांक ३३७ अंकांनी वर गेला.

इथे चूक विरामाची कमी आणि आकड्यांची जास्त होती. नियम अंकांत लिहिला होता आणि दरम्यान डाऊ कितीतरी पट वाढला होता. ३५० अंक म्हणजे १९९७मध्ये साडेचार टक्के. एवढ्या हालचालीला कोणी संकट म्हणत नाही. एप्रिल १९९८पासून पायऱ्या टक्क्यांत मोजल्या जाऊ लागल्या. आता तिथे ७ आणि १३ टक्क्यांना १५-१५ मिनिटांचा विराम आहे आणि २० टक्क्यांना दिवस संपतो.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण ६ मे २०१०चे. त्या दुपारी अमेरिकी निर्देशांकाचे फ्युचर्स काही मिनिटांत कोसळू लागले. शिकागोच्या फ्युचर्स बाजारातल्या यंत्रणेने २ वाजून ४५ मिनिटे २८ सेकंदांनी व्यवहार थांबवले, फक्त पाच सेकंदांसाठी. त्या पाच सेकंदांत विकणाऱ्या संगणकांचा जोर ओसरला, घेणारे आले आणि फ्युचर्स सावरले. पण शेअर्सच्या बाजाराला तो विराम नव्हता. तिथे पुढची काही मिनिटे वेडेपणा चालूच राहिला. अॅक्सेंचरचे काही सौदे एका सेंटला झाले. ३००हून अधिक शेअरमधले २०,०००हून जास्त सौदे नंतर रद्द करावे लागले. ब्रेडी आयोगाचा ‘सगळीकडे एकदम’ हा आग्रह किती योग्य होता, ते या दुपारी कळले. जुळलेल्या दोन बाजारांपैकी एकच थांबवला की दुसऱ्यावर काय येते, हेही त्या दिवशी दिसले.

आणि मग २१ जानेवारी २००८. हा दिवस मला या विषयातला सर्वांत शिकवणारा दिवस वाटतो, कारण कोणी काही थांबवले नव्हते. मार्टिन लूथर किंग यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत सुट्टी होती आणि जगातला सर्वांत मोठा बाजार त्यामुळे बंद होता. चिंता अमेरिकेच्या गृहकर्जांची, पण तिथे विकायची सोय नव्हती, म्हणून विक्री जिथे दार उघडे होते तिथे झाली. मुंबईत सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला, फ्रँकफर्टचा निर्देशांक ७ टक्क्यांहून अधिक, लंडनचा साडेपाच टक्के. त्याच दिवशी पॅरिसची सोसिएते जनराल बँक जेरोम केर्व्हिएल या आपल्या एका कर्मचाऱ्याने गुपचूप केलेले प्रचंड सौदे गाजावाजा न करता विकून टाकत होती. त्यातला ४९० कोटी युरोंचा तोटा जगाला २४ तारखेला कळला. म्हणजे २१ तारखेला ज्यांनी पडता भाव पाहून ‘कोणाला तरी काहीतरी कळले असणार’ असा तर्क केला, त्यांच्यासमोरच्या आकड्यात एका बँकेच्या घाईचाही भाग होता. किंग आणि वाधवानी यांनी कागदावर मांडलेली चुकांची साखळी इथे दोन खंडांवर दिसते.

दुसऱ्या सकाळी मुंबई उघडली आणि काही मिनिटांतच लोअर सर्किट, म्हणजे घसरणीची ठरलेली पायरी, लागून तासभर व्यवहार थांबले. दिवसात एकेकाळी २,२०० अंकांहून अधिक खाली गेलेला सेन्सेक्स संध्याकाळी सुमारे ५ टक्क्यांच्या घसरणीवर येऊन थांबला. मुंबईचा दिवस आटोपल्यावर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने तातडीची बैठक घेऊन व्याजदर पाऊण टक्क्याने कमी केल्याची बातमी आली.

विक्री दार शोधते, याचा सर्वांत ठळक पुरावा मात्र चीनमध्ये मिळाला. २०१५च्या उन्हाळ्यात शांघाय आणि शेनझेनचे बाजार कोसळू लागले, तेव्हा कंपन्यांनीच आपापल्या शेअरचे व्यवहार थांबवायला घेतले. जुलैच्या सुरुवातीला तिथल्या जवळपास निम्म्या कंपन्यांचे शेअर असे गोठलेले होते. ज्याला कर्ज फेडायला आज पैसे हवेत, त्याने काय करावे? लोकल बंद पडली की दादरच्या फलाटावरची गर्दी नाहीशी होत नाही, बसथांब्यावर जाते; तसेच हे पैसे. गोठलेले विकता येत नाही म्हणून न गोठलेले विकले गेले, आणि चांगल्या कंपन्यांचे भाव केवळ विकता येतात एवढ्या कारणाने पडले. ८ जुलैला हाँगकाँगचा निर्देशांक सुमारे ६ टक्क्यांनी खाली आला. नोव्हेंबर २०१४मध्ये शांघाय आणि हाँगकाँग यांच्यात खरेदी-विक्रीचा पूल सुरू झाला, तेव्हा दोन्हीकडे नोंदलेल्या कंपन्यांचे भाव हळूहळू एक होतील अशी अपेक्षा होती. पूल होता, पण एका बाजारातले शेअर दुसरीकडे नेऊन देता येत नव्हते, आणि अंतर पुढच्या वर्षभरात कमी होण्याऐवजी वाढले. इन्फोसिसच्या एडीआरसारखीच ही गोष्ट आहे.

त्या उन्हाळ्यावर उपाय म्हणून चीनने १ जानेवारी २०१६पासून सर्किटचा नियम आणला. सीएसआय ३०० निर्देशांक ५ टक्के हलला की १५ मिनिटे विराम, ७ टक्के हलला की दिवस संपला. ४ जानेवारीला, म्हणजे वर्षातल्या व्यवहारांच्या पहिल्याच दिवशी, दोन्ही पायऱ्या लागल्या. ७ जानेवारीला बाजार साडेनऊला उघडला, पावणेदहाच्या आधी ५ टक्के गाठले, १५ मिनिटे थांबला, पुन्हा उघडला आणि दोनेक मिनिटांत ७ टक्के झाले. त्या दिवशी प्रत्यक्ष व्यवहार पाव तासही झाले नाहीत. ८ तारखेपासून नियम मागे घेतला गेला आणि पुढच्या महिन्यात नियामक संस्थेचे प्रमुख श्याओ गांग यांना पद सोडावे लागले.

या चार दिवसांत जे घडले त्याला अभ्यासक लोहचुंबकाचा परिणाम म्हणतात. पायरी जवळ आली की भाव तिच्याकडे ओढला जातो, कारण दार बंद होण्याआधी निघायची सर्वांना घाई असते. न्यूयॉर्कमध्ये १९९७ला हेच झाले होते, फक्त चीनमध्ये दोन पायऱ्यांत अंतर अवघे २ टक्के होते. पहिला विराम शांत होण्यासाठी दिला आणि त्यातच सगळ्यांना कळले की दार आणखी दोन पावलांवर आहे. दोन टक्क्यांची हालचाल ज्या बाजाराला नित्याची, तिथे हे अंतर ठेवणाऱ्यांनी आपल्याच बाजाराचा स्वभाव पाहिला नव्हता, असे मला स्पष्टपणे वाटते.

आपल्याकडे निर्देशांकावरचे सर्किट २ जुलै २००१पासून आहे: १०, १५ आणि २० टक्के, वर जाताना आणि खाली येतानाही. १७ मे २००४ला, केंद्रातल्या सत्तांतराच्या धाकधुकीत, एका दिवसात ते दोनदा लागले. एका क्षणी ८४२ अंकांनी पडलेला सेन्सेक्स अखेर ५६४ अंकांच्या घसरणीवर थांबला. निवडणुकीच्या निकालानंतर १८ मे २००९ला उलटे घडले आणि अप्पर सर्किट लागले. दिवसभरात जेमतेम मिनिटभर व्यवहार झाले आणि सेन्सेक्स १७ टक्क्यांनी वर जाऊन बसला. त्या दिवशी ज्यांना घ्यायचे होते त्यांना मिळाले नाही. तेजीचे सर्किट हवे की नको यावर वाद आहे. माझ्या मते हवे, कारण घाईत चढ्या भावाने घेणाराही पुढे तेवढाच पोळतो.

मार्च २०२०मध्ये आपल्या नियमाची दोनदा परीक्षा झाली आणि निकाल परस्परविरुद्ध लागले. १२ तारखेच्या रात्री न्यूयॉर्क जवळजवळ १० टक्के पडले. १३ला शुक्रवारी मुंबईत उघडल्या उघडल्या निफ्टीने १० टक्क्यांची पायरी गाठली. पाऊण तास विराम झाला, मग १५ मिनिटांचा लिलाव, ज्यात सगळ्यांचे घेण्या-विकण्याचे आदेश एकत्र करून एक भाव काढतात. त्याच सकाळी अमेरिकी निर्देशांकांचे फ्युचर्स सावरत होते. बाजार पुन्हा सुरू झाला तो चढायलाच. २९,३८८पर्यंत गेलेला सेन्सेक्स ३४,१०३वर बंद झाला, म्हणजे आदल्या दिवसापेक्षाही १,३०० अंकांहून अधिक वर. दहा दिवसांनी, २३ मार्चला, तेच सर्किट, तोच पाऊण तास, तोच लिलाव. बाजार उघडला तो आणखी खाली गेला आणि सेन्सेक्स ३,९३४ अंक, १३ टक्के गमावून २५,९८१वर थांबला. तोवर त्याच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी घसरण होती.

फरक विरामाच्या लांबीत नव्हता. १३ तारखेची पडझड रात्रीच्या परक्या आकड्यावरची प्रतिक्रिया होती, आणि तासाभरात तो आकडाच बदलत गेला. २३ला बातमी घरचीच होती. मुंबईच्या लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या होत्या, महाराष्ट्रात संचारबंदी येत होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पाऊण तास विचार करून माणसे त्याच निष्कर्षाला आली, आणि तो बरोबर होता.

त्याच महिन्यात फिलिपिन्सने हाँगकाँगची वाट धरली. मनिलाचा बाजार १७ आणि १८ मार्च असे दोन दिवस बंद ठेवला. १९ला उघडला तेव्हा दिवसात एकेकाळी २४ टक्के खाली जाऊन तो १३ टक्क्यांच्या घसरणीवर थांबला. अथेन्सचा बाजार २०१५मध्ये कर्जसंकटात पाच आठवडे बंद होता, ३ ऑगस्टला उघडला आणि १६ टक्के पडला. त्या पाच आठवड्यांत न्यूयॉर्कमध्ये ग्रीक शेअर्सचा एक फंड रोज विकला-घेतला जात होता, आणि ग्रीसमधल्या शेअरची किंमत काय असावी हे लोक त्याच्याकडे पाहून ठरवत होते. १९१४मध्ये पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर न्यूयॉर्कचा बाजार चार महिन्यांहून अधिक बंद राहिला, तेव्हा तर बाजाराच्या इमारतीमागच्या न्यू स्ट्रीटवर उघड्या रस्त्यात सौदे होऊ लागले होते.

बाजार एकाच शहरात दोन असले तरी हेच होते. २४ फेब्रुवारी २०२१ला तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला, मुंबई शेअर बाजार मात्र चालू होता. दिवसाच्या सौद्यांची उलट बाजू दुपारपर्यंत पुरी करायची असते, म्हणून अनेक दलालांनी ग्राहकांचे सौदे तिकडे, जो मिळेल त्या भावाने, मिटवून टाकले. नंतर कळले की राष्ट्रीय बाजार पावणेचारला उघडून पाचपर्यंत चालणार आहे. तोटा थांबण्याने झाला नव्हता; पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नसल्याने झाला होता. विराम किती वेळाचा आणि त्यानंतर कसे उघडायचे, हे आधी ठरलेले असणे हा विरामाचा निम्मा उपयोग आहे, असे मी यावरूनच म्हणतो.

लांब बंद ठेवूनही हाँगकाँगसारखा सोमवार टाळलेले एक उदाहरण आहे. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २८ फेब्रुवारी २०२२ला मॉस्कोत शेअरचे व्यवहार थांबले. लंडनमध्ये रशियन कंपन्यांच्या पावत्या विकल्या जात होत्या. स्बेरबँक ही रशियाची सर्वांत मोठी बँक. तिच्या चार शेअरची एक पावती लंडनमध्ये काही सेंटांवर आली. ३ मार्चला लंडननेही हे व्यवहार थांबवले. २४ मार्चला मॉस्को ३३ शेअरपुरते उघडले आणि निर्देशांक त्या दिवशी ४ टक्क्यांहून अधिक वर गेला. परदेशी गुंतवणूकदारांना विकायला मनाई होती, हाती नसलेले शेअर विकण्यावर बंदी होती, आणि सरकारी निधी खरेदीला उभा होता. स्बेरबँकेच्या एकाच शेअरचा भाव मॉस्कोत शंभर रुबलच्या वर होता. ज्यांना विकायचे होते ते सगळे दाराबाहेर उभे असताना निघालेल्या या आकड्याला मी भाव म्हणणार नाही. एप्रिलमध्ये रशियाने कायदा करून आपल्या कंपन्यांना परदेशातल्या अशा पावत्यांच्या योजना गुंडाळायला लावल्या, आणि जी वाट दोन भावांना एक करत होती तीच बंद झाली.